पाठ असलेला प्रश्न

नोव्हेंबर लागला की मला सायकलच्या पंपाचा आवाज सहन होत नाही. काल सकाळी नातू तळघरात हवा भरत बसला होता. इथं जन्मलेल्या पोरांना आपलं मराठी सगळं समजतं, पण उत्तर जर्मनमध्येच येतं. मी जिन्यावरून ओरडलो, "अरे पुरे, टायर फुटेल!" खालून आवाज आला, "ग्लाइश, आजोबा!" म्हणजे होतंच आहे, थांबा. लेक कामावर निघाली होती. ती म्हणाली, "बाबा, नुसती हवा तर भरतोय. दर नोव्हेंबरला तुम्हाला काय होतं हो?" काय होतं ते सांगायचं तर तिला साठ वर्षं मागं न्यावं लागलं असतं, आणि तिची ट्राम तर चुकायला आलेली. म्हणून ते इथं लिहितो.

ब्राउनश्वाइगच्या नोव्हेंबरात उजाडतं ते केवळ रीत म्हणून. नऊ वाजता खिडकीबाहेर राखाडी होतं आणि चार वाजता तेही मावळतं. मी इथल्या तंत्रविद्यापीठात पीएचडीला आलो तेव्हा शहरात अजून घरांच्या मधे मोकळ्या जागा होत्या, पडलेल्या दातांसारख्या. तिथं युद्धापूर्वी घरं होती. आजूबाजूच्या साखर कारखान्यांत बिटाचा हंगाम सुरू झाला की सगळ्या गावावर एक गोडसर, ओलसर वास बसायचा. आमच्या वाईकडच्या गुऱ्हाळाच्या वासाशी त्याचं लांबचं नातं होतं. पहिल्या वर्षी त्या वासानं मला घराची आठवण यायची. दुसऱ्या वर्षापासून नुसतं मळमळायचं.

या महिन्याचं इथं एक लक्षण आहे. आपल्याकडे पितरांना पंधरवडा पुरतो, जर्मनांना अख्खा महिना लागतो. एक रविवार युद्धात मेलेल्यांचा. त्यानंतरचा टोटनझोनटाग, म्हणजे सगळ्याच मृतांचा रविवार. त्या दिवशी माणसं हातात फरच्या झाडाच्या फांद्या घेऊन दफनभूमीकडे निघतात आणि थंडीआधी कबरी झाकून येतात. लहान मुलाला पांघरूण घालावं तितक्या निगुतीनं घालतात. मला ते आवडायचं. तर्पणाला बसलेले आमचे आजोबा, आप्पा, पळीभर पाण्याबरोबर एकेक नाव उच्चारायचे, तेव्हाही त्यांचा आवाज असाच मऊ व्हायचा. एरवी तो कधी मऊ झालेला मला आठवत नाही.

मी राहायचो ते घर फ्राऊ वेस्टफाल नावाच्या बाईंचं. पन्नाशी उलटलेली, उंच, हाडापेरानं भक्कम बाई. नवरा युद्ध संपल्यावर दोन हिवाळ्यांत छातीच्या दुखण्यानं गेला होता. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या त्या भाड्यानं द्यायच्या. एका खोलीत मी आणि दुसऱ्या खोलीत त्या शरदात आलेले दोन अमेरिकन. दोघंही मॉर्मन पंथाचे मिशनरी. काळे सूट, पांढरे शर्ट, केस इतके बारीक कापलेले की मुंजीची आठवण व्हावी. थोरला कोल, बावीस-तेवीसचा, जर्मन फाडफाड बोलणारा. धाकटा लार्सन, विशीचा, नुकताच बोटीतून उतरलेला. दोघांनाही त्यांच्या पंथात 'एल्डर' म्हणायचं, म्हणजे वडीलधारा. मिसरूडही धड न फुटलेल्या पोराला वडीलधारा म्हणायला फ्राऊ वेस्टफालनी साफ नकार दिला. त्यांच्या लेखी तो हेर लार्सनच, म्हणजे श्रीयुत लार्सनच, राहिला.

लार्सन इडाहोचा. घरी बटाट्याची शेती. त्याची सगळी तयारी म्हणजे पंथाच्या मुख्यालयातली आठवडाभराची शिकवणी. पुढे समुद्र, आणि पलीकडे एकदम जर्मन भाषा. अडीच वर्षं घरी जायचं नाही. फोन नाही. चहा नाही, कॉफी नाही. पोरींशी गप्पा नाहीत, आणि जोडीदाराला सोडून एकट्यानं कुठं जायचं नाही. सकाळी सहाला उठून अभ्यास आणि मग दिवसभर दारोदार. दारं बहुतेक उघडायची नाहीत. उघडली तर कोल बोलायचा आणि लार्सन बाजूला उभा राहून हसायचा. त्या हसण्यानं त्याचे गाल दुखतात, असं त्यानं मला एकदा सांगितलं होतं.

फ्राऊ वेस्टफाल दुपारी चारला स्वयंपाकघरात कॉफी आणि केक मांडायच्या. "एक मांस खात नाही, दुसरे दोघं कॉफी पीत नाहीत," त्या कुरकुरायच्या. "आल्झो, तर मग मी माणसं ठेवलीत की देवदूत?" मग माझ्यासाठी वेगळं सूप आणि त्या दोघांसाठी गरम लिंबूपाणी व्हायचं. लार्सनचे उच्चार त्याच टेबलावर सुधारले. "तोंड उघडा, हेर लार्सन! जिभेवर गरम बटाटा आहे असं समजा." बटाटा म्हटलं की त्याचा चेहरा उजळायचा. मी बटाटे फार जाड सोलतो, हे त्याला पाहवत नसे. तो माझ्या हातातून सुरी काढून घ्यायचा आणि एकसंध, पातळ साल उतरवून टेबलावर ठेवायचा. घर सोडून आलेल्या माणसाला हाताला ओळखीचं काम मिळालं की किती बरं वाटतं, ते मला तेव्हा कळलं.

त्याच्यापुढचं मोठं संकट होतं पाठांतराचं. त्यांचे धडे असायचे, दारातल्या माणसाला क्रमानं सांगायचे. मिशनरीनं काय म्हणायचं, कोणता प्रश्न विचारायचा, समोरच्यानं काय उत्तर द्यायचं आणि त्यावर आपण पुन्हा काय म्हणायचं, सगळं ठरलेलं. नवशिक्यानं ते जर्मनमधून शब्दन्‌शब्द तोंडपाठ करायचं. भाषा मागाहून येईल, धडा आधी यायला हवा, असा हिशेब. लार्सन रडकुंडीला आला होता. मला त्याची दया आली, कारण हा खेळ माझ्या ओळखीचा होता. रामरक्षा, गीतेचे अध्याय, पावकी-निमकीचे पाढे, सगळं आप्पांनी मला अर्थ सांगायच्या आधी घोकून घेतलं होतं. मी त्याला म्हटलं, "बसून नाही होणार. उठ. चालत चालत म्हण. वाक्याच्या शेवटाकडून सुरुवातीकडे ये." आम्ही दोघं वरच्या पॅसेजमधून येरझारा घालायचो, तो पुढं आणि मी मागं. महिन्याभरात धडे त्याला खडान्‌खडा पाठ झाले. कोलनं माझे आभार मानले आणि लगोलग मलाही पंथाचं पुस्तक देऊ केलं. मी म्हटलं, माझी पाठांतराची कुवत आता संपली.

आता सायकलीबद्दल सांगायला हवं.

फ्राऊ वेस्टफालना एक मुलगा होता, व्हेर्नर. युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात, शाळेतून उठवून त्याला पूर्वेकडे पाठवलं. तो परत आला नाही. मेल्याची बातमीही आली नाही. 'बेपत्ता', इतकंच. रेडिओवर हरवलेल्यांची नावं वाचायचे तेव्हा त्या हातातलं काम टाकून उभ्या राहायच्या. शेवटचे युद्धकैदी रशियातून परतले, तेव्हा त्या मुलाचा फोटो घेऊन स्टेशनवर गेल्या होत्या, हे मला शेजारणीनं सांगितलं. त्या स्वतः कधी बोलल्या नाहीत. फक्त दर शनिवारी सकाळी त्या तळघरात जायच्या, व्हेर्नरची सायकल पुसायच्या, साखळीला तेल द्यायच्या आणि दोन्ही चाकांत हवा भरायच्या. पंपाचा तो सुस्कारा भिंतीतून वर माझ्या खोलीत यायचा. शनिवारची मला तीच घंटा होती.

लार्सनला सायकल नव्हती. तळघरात ही पाहिली तेव्हा त्यानं खुणांनी विचारलं, विकणार का? फ्राऊ वेस्टफाल म्हणाल्या, "ती माझ्या मुलाची आहे. त्याला लागेल." त्याला 'मुलगा' एवढाच शब्द कळला. मुलगा हॅम्बुर्गला नाहीतर म्युनिकला नोकरीला असेल, अशी त्यानं समजूत करून घेतली. ती समजूत दुरुस्त करायचं कोणाच्या मनात आलं नाही. असं काही कोणी आपणहून बोलत नसे, त्या काळात तर नाहीच.

माझ्या घरी याचीच दुसरी बाजू मी पाहिली होती. माझे सदूकाका रंगूनला लाकडाच्या वखारीत नोकरीला होते. बॉम्ब पडू लागले, माणसं रानावनांतून पायी निघाली, आणि काकांचा पत्ता लागला नाही. सिंधूकाकू आमच्याकडे वाईला होत्या, पदराशी चार वर्षांची मालू. बारा वर्षं त्यांनी कुंकू लावलं. मग मालूच्या लग्नाचं बघायला लागले. सोयरे विचारायचे, मुलीचे वडील आहेत की नाहीत? आप्पांनी निर्णय घेतला. बारा वर्षं माणूस बेपत्ता असला की शास्त्रात पालाशविधी सांगितलाय. पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा माणूस करायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. भटजींना मंत्र मुखोद्गत होते. ते कुठं अडखळले नाहीत, कुठं थांबले नाहीत, त्यांनी कोणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही. काकू मागच्या दारात उभ्या होत्या. आम्हाला वाटलं, आता त्या हंबरडा फोडतील. त्या एवढंच म्हणाल्या, "पानं ओली आहेत. धूर होईल." आणि खरंच फार धूर झाला. मी तेव्हा कॉलेजात होतो. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते धुरामुळे, असं मी सगळ्यांना सांगितलं.

नोव्हेंबरच्या मध्यावर कोलनं ठरवलं की लार्सननं मृतांविषयीचा धडा आता खऱ्या जर्मन माणसापुढं म्हणून दाखवायचा. फ्राऊ वेस्टफाल मोठ्या हौसेनं तयार झाल्या. आपल्या विद्यार्थ्याची परीक्षा आपल्याच स्वयंपाकघरात! त्यांनी ॲप्रन काढून ठेवला आणि खुर्चीत ताठ बसल्या. कोल पुस्तक उघडून ओळींवर बोट ठेवून बसला, एकही शब्द गळता कामा नये म्हणून. मी कोपऱ्यात माझे जाड सालीचे बटाटे सोलत होतो. लार्सन उभा राहिला, घसा साफ केला आणि सुरू झाला. छान चाललं होतं. उच्चार स्वच्छ, आवाज ठाम. फ्राऊ वेस्टफाल आनंदानं मान डोलवत होत्या.

मग तो प्रश्न आला. "आपलं जे माणूस मरण पावलं आहे, त्याला पुन्हा भेटावं असं आपल्याला वाटतं का?"

कोलच्या पुस्तकात याचं उत्तर 'हो' असं होतं. फ्राऊ वेस्टफालनी मान डोलवणं थांबवलं. त्या हळूच म्हणाल्या, "माझा मुलगा मेलेला नाही."

लार्सनला ते कळलं नाही. त्याच्या दृष्टीनं आता 'हो' येऊन गेलं होतं. तो हसला, तेच दारातलं हसू, आणि पुढचं वाक्य म्हणाला, "हे ऐकून मला फार आनंद होतो. तो पलीकडे आपली वाट पाहत आहे. आपण त्याचं नाव आम्हाला सांगाल का?"

त्यांच्या पंथात मृतांची नावं घेऊन जिवंत माणसं त्यांच्या वतीनं बाप्तिस्मा घेतात. त्यांच्या लेखी ती मोठी करुणा आहे, मृतालाही दार उघडून देण्याची. ही चूक करायला तोच पंथ हवा होता, तीच पद्धत हवी होती आणि शब्द पाठ असलेला तोच भाबडा मुलगा हवा होता. कोलचं बोट ओळीवर होतं आणि ओळ बरोबर होती, म्हणून त्यानं मान वर केली नाही.

फ्राऊ वेस्टफाल उठल्या. शेगडीवरची किटली बाजूला केली. "आल्झो," म्हणाल्या आणि तळघराचा जिना उतरून गेल्या. थोड्या वेळानं खालून पंपाचा आवाज येऊ लागला. त्या दिवशी शनिवार नव्हता. आवाज किती तरी वेळ येत होता. लार्सन एकदा माझ्याकडे, एकदा कोलकडे बघत होता. त्याला वाटत होतं की उच्चारात काहीतरी चुकलं.

जिन्यात त्यानं मला गाठलं. "मी काय चुकलो?" मी त्याला इंग्रजीतून सांगितलं, जेवढं होतं तेवढं सगळं. तो पायरीवर बसला. त्याच्या कानाच्या पाळ्यांपर्यंत रक्त चढलं आणि मग उतरून गेलं. "मी तिला म्हटलं, मला आनंद झाला," तो म्हणाला. पुन्हा एकदा म्हणाला. मग विचारलं, "माफी मागायचं वाक्य कसं असतं?" मी सांगितलं. ते त्यानं पाठ करायला घेतलं आणि अर्ध्यावर सोडून दिलं. म्हणाला, "नको. हेही पाठ करून कसं म्हणू?"

त्यानंतरचे दिवस त्या घरात वाईट गेले. चारचा केक बंद झाला. फ्राऊ वेस्टफाल कोणावर रागावल्या नाहीत, कोणाला घर सोडायला सांगितलं नाही. शेगडीसाठी कोळशाच्या ब्रिकेट आणणं, राख काढणं, पायऱ्या धुणं, सगळं वेळच्या वेळी. फक्त पंपाचा आवाज आता रोज यायचा. लार्सन मात्र त्या दिवसांतच खरं जर्मन शिकू लागला. पुस्तक मिटून तो बेकरीत कान देऊन उभा राहायचा, ट्रामस्टॉपवरच्या बायकांचं बोलणं ऐकायचा. लोक काय उत्तर देतात, हे त्याला कळायला हवं होतं. कोल संध्याकाळी त्याच्याकडून धडा म्हणवून घ्यायचा. सगळा धडा सुरळीत, आणि त्या एका प्रश्नापाशी तो थांबायचा. भिंतीतून मला कोलचा वैतागलेला आवाज ऐकू यायचा, "अरे, परवापर्यंत येत होतं!" मला खूप वाटायचं, जाऊन कोलला चार शब्द सुनवावेत. पण कोलही पोरच होता, त्याच्याही घराचं दार अडीच वर्षं बंद होतं.

टोटनझोनटाग आला. बाहेर ना पाऊस ना बर्फ, दोन्हींच्या मधलं काहीतरी पडत होतं. फ्राऊ वेस्टफाल फरच्या फांद्या घेऊन नवऱ्याच्या कबरीवर गेल्या आणि भिजून परत आल्या. चारच्या सुमाराला त्यांनी खालून हाक मारली, "मंडळी!" आम्ही खाली आलो. टेबलावर केक होता. दोन लिंबूपाणी होती. आणि एक फरची फांदी होती, कबरीवर न ठेवता परत आणलेली.

त्या लार्सनला म्हणाल्या, "मला तो प्रश्न पुन्हा विचारा."

कोलनं पुस्तक काढलं. "ते ठेवून द्या," त्या त्याच्याकडे न बघता म्हणाल्या.

लार्सन उभा राहिला. त्यानं तोंड उघडलं. पहिला शब्द ओठांवर आलेला मला दिसला. त्या पॅसेजमध्ये मी त्याच्याकडून तो शंभरदा म्हणवून घेतला होता. त्या वाट पाहत होत्या, हात मांडीवर, परीक्षेच्या दिवशी बसल्या होत्या तशाच ताठ. तो म्हणाला, "मला नाही म्हणता येत." हे वाक्य त्याच्या कुठल्याच धड्यात नव्हतं.

"गेनाऊ, अगदी तेच," फ्राऊ वेस्टफाल म्हणाल्या. "मलाही नाही आलं. पंधरा वर्षं." मग त्या फांदीवरचे पाण्याचे थेंब बोटानं पुसत बोलू लागल्या, "शेजारणी सांगतात, येईल. पाद्री सांगतो, देवाकडे आहे. भाऊ सांगतो, सायकल विकून टाक. सगळे सांगतात. मला विचारलं फक्त तुम्ही, हेर लार्सन. आणि तुम्हाला माहीतही नव्हतं की तुम्ही विचारलंत." मग म्हणाल्या, "तो मेला आहे. मला माहीत आहे. व्हेर्नर मेला आहे."

कोलचा हात नकळत खिशातल्या पेनाकडे गेला. त्या म्हणाल्या, "लिहू नका. नुसतं ऐका." आणि त्यांनी ते नाव आणखी एकदा, पूर्ण, आडनावासकट उच्चारलं. त्यांचा आवाज तर्पणाला बसलेल्या आप्पांसारखा झाला होता. लार्सन टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडला. त्याच्या केसांवर हात ठेवून त्या बसून राहिल्या, आणि त्या मात्र रडल्या नाहीत.

पुढच्या शनिवारी मी सवयीनं कान देऊन पडून होतो. तळघरातून आवाज आला नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. नाताळाच्या आधी लार्सनची दुसऱ्या गावी बदली झाली. जाताना तो सायकल बघायला खाली गेला होता, मीही गेलो. दोन्ही टायर बसले होते आणि रिम फरशीला टेकली होती. तो म्हणाला, "माझ्यामुळे हे." मी म्हटलं, "हो." सांत्वन म्हणून खोटं बोलावं, असा तो मुलगा नव्हता. पुढं त्याचं काय झालं, त्यानं किती दारं ठोठावली आणि तो प्रश्न त्याला पुन्हा कधी विचारता आला का, मला ठाऊक नाही.

काही वर्षांनी मी वाईला गेलो. आप्पा तोवर गेले होते. सिंधूकाकू स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. त्यांचं मोकळं कपाळ पाहून मला फ्राऊ वेस्टफाल आठवल्या आणि पहिल्यांदाच धीर झाला. मी त्यांच्याजवळ बसलो आणि म्हटलं, "काकू, एक विचारू? तो विधी केला तेव्हा, काका गेलेत असं तुम्हाला वाटत होतं का?"

त्यांनी एक खडा वेचून बाजूला टाकला. "वाटायचं काय त्यात? बॉम्ब पडले त्याच वर्षी रंगूनहून चालत आलेला एक माणूस मागच्या दारी येऊन सांगून गेला होता मला. त्यानंच त्यांना पुरलं होतं वाटेत."

मी विचारलं, "मग बारा वर्षं तुम्ही कोणाला बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर त्याच दिवशी कपाळ पुसलं असतंत तुम्ही लोकांनी," त्या म्हणाल्या. सूप त्यांनी एकदा पाखडलं, आणि माझ्याकडे न बघता पुढं म्हणाल्या, "विचारलं असतंत तर खोटं नसते बोलले रे. पण विचारलंच कुणी नाही."